कुरकुरणारा बर्फ

सिनेमात बर्फ पडतोय. नायक कोटाची कॉलर वर करून कुडकुडत चाललाय. आता जरा त्याच्या कपाळाकडे निरखून बघा. घाम दिसतोय? दिसेलही! कारण सिनेमातला बर्फ कधी कधी ऐन उन्हाळ्यात पडतो.

१९४६ सालची गोष्ट. फ्रँक काप्रा हे दिग्दर्शक अमेरिकेत, कॅलिफोर्नियात ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा सिनेमा करत होते. त्यातला मोठा प्रसंग नाताळच्या आदल्या रात्रीचा, आणि चित्रीकरण मात्र उन्हाळ्यात! उकाडा असा, की एके दिवशी काप्रांनी सगळ्यांना चक्क सुट्टी देऊन टाकली.

मग बर्फ आणायचा कुठून? तेव्हा हॉलिवूडमध्ये पांढरा रंग दिलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. हो, आपण दुधात घालून खातो तेच! वरून सोडले की मस्त भिरभिरत खाली येतात. पण पाय पडला की कर्रम-कुर्रम! त्या आवाजात नट काय बोलतोय ते कुणाला ऐकू येणार? म्हणून संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणून घ्यावे लागत. काप्रांना ते नको होतं.

स्टुडिओतल्या रसेल शिअरमन यांनी डोकं चालवलं. आग विझवायला वापरतात तो रासायनिक फेस, त्यात साबण आणि पाणी. हे मिश्रण जोरदार पंख्यासमोर सोडलं, आणि फेसाचे पुंजके तरंगत खाली आले. अगदी गुपचूप! या युक्तीला पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

पण फेस बर्फासारखा दिसतो कसा? लाल साबणाचा फेस कधी नीट पाहिलाय? तोही जवळजवळ पांढराच असतो. फेसात असंख्य बुडबुडे असतात. प्रकाश त्यांच्या पातळ पडद्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो, आणि आपल्याला दिसतो पांढरा रंग. हिमाचे स्फटिकही असेच, एकेकटे पारदर्शक. ढीग झाला की पांढरेशुभ्र.

सगळ्याच युक्त्या काही शहाणपणाच्या नव्हत्या. बर्फ म्हणून पसरलेला कापूस दिव्यांच्या उष्णतेने पेट घेईल म्हणून एकेकाळी न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसचा ‘बर्फ’ उधळायचे. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो. बापरे!

आता जमिनीवर अंथरायला बहुतेकदा कागदाचा चुरा असतो आणि वरून पडायला यंत्रातला साबणफेस. तोंडातून निघणारी वाफ मात्र साबणाने थोडीच येणार? म्हणून १९३७च्या ‘लॉस्ट होरायझन’साठी याच काप्रांनी नटांना थेट शीतगृहात नेऊन उभं केलं होतं!

आणि गंमत बघा. आवाज नको म्हणून एवढा खटाटोप केला, पण खऱ्या बर्फावर चालताना तर करकर असा आवाज येतोच. मग तो नंतर वेगळा भरतात. कशाने? कॉर्नफ्लोअरने! पीठ चामड्याच्या पिशवीत भरून माइकसमोर दाबायचं, की झाली पावलं. पिठाचे कोरडे कण एकमेकांवर घासून तो आवाज निघतो.

घरी करून बघा. जुन्या मोज्यात चार-पाच चमचे कोरडं कॉर्नफ्लोअर घ्या, तोंड घट्ट बांधा आणि कानाजवळ धरून हळूहळू दाबा. आईबाबांना डोळे मिटायला सांगा आणि विचारा, कोण चालतंय? पण त्याआधी स्वयंपाकघरातला तो डबा घ्यायची परवानगी काढा बरं का!