थेंबभर रक्ताचा हिशेब : प्रयोगशाळेतील लहान प्राणी आणि आपली औषधे

विश्वस्त मंडळाचे निवेदन, रुग्णसेवेचा आढावा आणि जमाखर्चाची पत्रके यांच्या जोडीने आमच्या वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याचा प्रघात आहे. यंदाचा विषय वाचकांना काहीसा अनपेक्षित वाटेल. दोन प्रश्नांनी तो आमच्यापुढे आणून ठेवला.

पहिला प्रश्न शहापूर परिसरातील एका आजीबाईंचा. हत्तीरोगाच्या गोळ्या घेण्याविषयी समजावून सांगण्यास गेलेल्या आमच्या परिचारिकेला त्यांनी विचारले, “बाई, ह्या गोळ्या आमच्यावरच आजमावून पाहून राहिल्या का तुमी?” दुसरा प्रश्न संस्थेच्या एका ज्येष्ठ देणगीदारांचा. त्यांनी सभेनंतर बाजूला घेऊन विचारले, “दयाधर्म म्हणून आम्ही पैसा देतो. त्यातून येणारी औषधे मुक्या जिवांना टोचून तपासलेली असतात, असे ऐकतो. हे खरे का?” दोन्ही प्रश्नांना त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तरीही उत्तर देणे हे कर्तव्य मानून आम्ही डॉक्टरांकडून व ग्रंथांतून माहिती घेतली. ती येथे सादर करीत आहोत.

गोळीमागचा उंदीर

आपल्या पूर्व विदर्भाला हत्तीरोग नवा नाही. सुजलेला पाय घेऊन आयुष्य काढणारी माणसे प्रत्येकाने पाहिली आहेत. क्युलेक्स जातीच्या डासामार्फत पसरणाऱ्या या रोगाचे सूक्ष्म कृमी माणसाच्या रक्तात प्रामुख्याने रात्री वावरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटातून थेंबभर रक्त घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कृमी मोजतात.

या रोगावरील डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजेच ‘डी. ई. सी.’, या औषधाचा गुण १९४७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना प्रथम दिसला तो ‘कॉटन रॅट’ नावाच्या रानउंदरांत. या उंदरांना हत्तीरोगाच्या कृमींच्या जवळच्या जातीची लागण निसर्गतःच होते. औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर त्यांच्या रक्तातील कृमी मोजण्यात आले आणि ते झपाट्याने कमी झाल्याचे आढळले. त्याच वर्षी माणसांवरील उपचारांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात डी. ई. सी. व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध देण्यास सुरुवात झाली. या तिसऱ्या औषधाचा मूळ शोधही कृमींची लागण केलेल्या उंदरांवरील चाचणीतूनच लागला. त्या शोधाबद्दल कॅम्पबेल व ओमुरा या शास्त्रज्ञांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. आपल्या हातावर ठेवली जाणारी गोळी आपल्यावर आजमावली जात नाही. ती आजमावण्याचे काम फार पूर्वी झाले, आणि त्याचा पहिला भार एका लहान प्राण्याने उचलला. आपल्याच मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. प्रथम प्राणी, मग माणूस, हा क्रम तेव्हापासून आपल्या राज्याच्या परिचयाचा आहे.

शिल्लक किती, उचल किती?

आता देणगीदारांचा प्रश्न. प्राण्याचे रक्त घेतात म्हणजे नेमके काय करतात?

प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचे वजन सुमारे २५ ग्रॅम असते. त्याच्या संपूर्ण शरीरात रक्त असते जेमतेम पावणेदोन ते दोन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही इतके. सर्वसाधारण नियम असा की, एकूण रक्ताच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्त एका वेळी घेऊ नये, आणि तेवढे घेतल्यास दोन आठवडे पुन्हा हात लावू नये. म्हणजे या उंदराकडून मिळणार तीन-चार थेंब. तुलनेसाठी सांगायचे तर, रक्तदान शिबिरात पन्नास किलो वजनाची व्यक्ती ३५० मिलिलिटर रक्त देते, तेही तिच्या रक्ताच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असते. फरक इतकाच की दाता स्वेच्छेने देतो. उंदराला कोणी विचारत नाही. म्हणूनच उचल करणाऱ्यावर बंधन अधिक कडक हवे.

रक्त घेण्याच्या रीती प्राण्याप्रमाणे बदलतात. उंदराला हवेशीर नळीत अलगद बसवून त्याची शेपटी कोमट पाण्याने शेकतात. त्यामुळे शेपटीच्या बाजूची शीर फुगून दिसू लागते व बारीक सुईने काम भागते. मांडीवरील किंवा जबड्याजवळील शिरेतूनही थेंब घेता येतात. सशाच्या कानाच्या कडेची शीर सहज दिसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत काम सोपे असते. गिनिपिगला शेपटीच नसते व त्याच्या शिरा खोल असतात; त्याचे अधिक रक्त हवे असल्यास भूल द्यावी लागते. पूर्वी डोळ्यामागील शिरांच्या जाळ्यातून काचनळीने रक्त घेण्याची पद्धत सर्रास होती. आता तसे करण्यास सबळ कारण व भूल, दोन्ही लागतात. हृदयातून रक्त घ्यायचे असल्यास प्राण्याला पूर्ण भूल दिलेली असते आणि त्यातून त्याला जागे होऊ दिले जात नाही.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली. परंतु सत्य झाकून दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे.

प्राण्याला हळुवार हाताळण्यामागे शास्त्रीय कारणही आहे. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तातील साखर व ताणाची संप्रेरके वाढतात. घाईने किंवा फार बारीक सुईतून जोराने रक्त ओढले तर तांबड्या पेशी फुटतात व त्यांतील पोटॅशियम बाहेर येऊन आकडे बिघडतात. असा नमुना फेकून द्यावा लागतो आणि दुसऱ्या प्राण्याला टोचावे लागते. म्हणून सराव झालेला हात, शांत जागा आणि टोचल्यानंतर रक्त थांबेपर्यंत गॉज दाबून धरणे या गोष्टींना फार महत्त्व आहे.

कायद्याचा धाक

आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समितीची तरतूद केली, आणि १९९८ मध्ये त्याविषयीचे सविस्तर नियम झाले. संस्थेची नोंदणी, नैतिकता समितीची पूर्वसंमती व प्रत्येक प्राण्याचा हिशेब बंधनकारक आहे. टाळता येईल तेथे प्रयोग टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, आणि प्रयोगाच्या आधी व नंतर प्राण्याची नीट निगा राखावी, ही तत्त्वे कायद्यातच नमूद आहेत.

रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन सूत्रे मांडली होती : प्राण्याला पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा. त्या दिशेने पावले पडत आहेत. इंजेक्शनच्या औषधात ताप आणणारे द्रव्य आहे का, हे पूर्वी सशांना टोचून पाहत; आता पुष्कळदा ते परीक्षानळीत पाहता येते. भारतात २०२३ मध्ये नव्या औषधांच्या चाचणीचे नियम सुधारून पेशी व संगणक यांवर आधारित पद्धतींनाही मान्यता देण्यात आली. तथापि संपूर्ण शरीरात औषध कसे वागते, हे जाणण्यासाठी प्राण्यांची गरज अद्याप संपलेली नाही.

आमच्या खात्यावर काय?

आमच्या रुग्णालयात प्रयोगासाठी एकही प्राणी ठेवला जात नाही. तरीही आमच्या औषधभांडारातील औषधांमागे हा खर्च आहेच, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तो शून्य आहे असे आम्ही देणगीदारांस सांगू शकत नाही. मात्र तो वाया जाऊ न देणे आमच्या हाती आहे. मुदत संपून औषध फेकावे लागू नये म्हणून भांडाराची तपासणी अधिक काटेकोर करण्याचे आम्ही ठरविले आहे.

दुसरा धडा नवजात शिशू कक्षासाठी आहे. अपुऱ्या दिवसांच्या एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे ९० मिलिलिटर. त्यातून एक मिलिलिटर घेणे म्हणजे मोठ्या माणसाचे चाळीस-पन्नास मिलिलिटर घेण्यासारखेच. उंदराच्या थेंबाचा हिशेब ठेवणारे जग पाहिल्यावर, बाळाच्या प्रत्येक नमुन्याची नोंद एकाच तक्त्यावर ठेवणे, लहान नळ्या वापरणे व अनेक तपासण्या एकाच नमुन्यात उरकणे आम्हांस आवश्यक वाटते.

वाचकांस एकच विनंती. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन कर्मचारी दारी आले तर त्या ठेवून देऊ नका. जेवण करून त्यांच्यासमोरच घ्या. दोन वर्षांखालील बालके, गरोदर माता व गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत. गोळीनंतर कोणाला थोडा ताप वा चक्कर आली, तर ती बहुधा रक्तातील कृमी मरत असल्याची खूण असते. त्रास वाढल्यास दवाखान्यात दाखवावे.

त्या आजीबाईंनी अखेर गोळ्या घेतल्या. ज्येष्ठ देणगीदारांना हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “निदान फुकट जाऊ देऊ नका.”