लांकडांतलें पांखरूं

विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो. त्या दिवशीं मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून मिरवितात. सृष्टींतल्या प्राण्याकडे पाहून हातानें वस्तु घडविण्याची ही कला तेथें घरोघर पोंचली आहे. तीच पांखरांकडे वळविणें मुळींच अवघड नाहीं.

गोंदियाचा रस्ता मुंबई–कोलकाता महामार्गास मिळतो तेथें कोहमारा हें गांव आहे. नवेगांवबांधचा तलाव तेथून फार दूर नाहीं. महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां मुख्यत्वें गोंदिया जिल्ह्यांतील धानशेतांत व तलावांकांठींच उरला असून, त्याची संख्या कांहीं डझनांवर आली आहे. इकडच्या मुलांनीं पहिलें पांखरूं कोरावयाचें तें सारसाचेंच कोरावें.

परंतु कोरण्यापूर्वीं पाहावें लागतें. पूर्ण वाढलेला सारस पांच फुटांहून उंच असतो. फुटास एक इंच धरल्यास पांच-सहा इंचांची आकृति होते. अंग राखी, पाय तांबूस, डोकें व मानेचा वरचा भाग तांबडा. बगळा उडतांना मान आंखडून घेतो. सारस ती सरळ ताणतो. सारसाचें मागचें बोट आंखूड व उंचावर असल्यामुळें त्याला फांदी धरतां येत नाहीं. झाडावर बसविलेला सारस कितीही सुबक असला तरी तो खोटाच!

लांकूड शिवणीचें घ्यावें. तें हलकें असून सुरीला दाद देतें. लांकडाचे तंतु धडाच्या लांबीनें जावेत. बारीक भाग तंतूंच्या आडवा आला कीं तुटतो. म्हणून मान वेगळी कोरून जोडावी आणि पाय तारेचे करावे. सुरी नेहमीं लांकूड धरलेल्या हातापासून दूर चालवावी. सहा वर्षांच्या मुलानें कांचकागद घासावा, बारा वर्षांच्यानें वडिलांच्या देखरेखीखालीं धड कोरावें, आणि चोंच आजोबांकडे सोंपवावी. शहरांत सारस नसला तरी कावळा व साळुंकी आहेत. पाहण्याचा नियम तोच.

सारस धानाच्या बांधींतही घरटें करतो आणि बहुधा दोनच अंडीं घालतो. त्यांचें रक्षण अखेर शेतकऱ्याच्याच हातीं असतें. ज्यानें लहानपणीं सारसाची मान चार वेळां चुकून पांचव्यानें साधली, तो पुढें बांधींत घरटें दिसतांच पाऊल बाजूनें टाकील.