पाहुणे मॉरिशसला आलेत? एका दिवसात हे दाखवाच!

बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब, त्यामुळे एका दिवसात बरंच पाहून होतं.

📍 सकाळी पोर्ट लुईस: सुरुवात आप्रवासी घाटापासून. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आलेले भारतीय मजूर या बंदरात उतरले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मग बाजारात गरमागरम ढोलपुरी.

📍 गंगा तलाव: डोंगरातलं हे तळं म्हणजे ज्वालामुखीचं जुनं मुख. काठाशी शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती. इथे उंचावर हवा गार, अधूनमधून पाऊस; छत्री घ्या.

📍 दुपारी शामारेल: सप्तरंगी माती. बेसॉल्ट झिजून उरलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे हे रंग येतात. जवळच धबधबा.

📍 संध्याकाळी ल मॉर्न: पळून आलेले गुलाम या डोंगरावर लपत. ही कथा मुलांना आवर्जून सांगा, मगच समुद्रात उतरा. प्रवाळाच्या बांधामुळे किनाऱ्याजवळचं पाणी सहसा शांत असतं. प्रवाळावर मात्र पाय देऊ नका.

गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. जमलं तर पाहुण्यांना तेव्हाच बोलवा!