दार घुमतं, स्पीकर बदनाम होतो

नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घरी आली की सीट कव्हर आणि मॅटपाठोपाठ नंबर लागतो स्पीकरचा. कंपनीने बसवलेले स्पीकर हलके, कागदी पडद्याचे असतात, त्यामुळे ते बदलावेसे वाटणं रास्तच आहे. पण त्यावर खर्च होणारा पैसा बऱ्याचदा नको तिथे जातो, आणि गाणं होतं तसंच राहतं.

‘स्पीकर जेवढा मोठा, तेवढा बास जास्त’ ही समजूत सगळ्यांत पक्की. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींच्या पुढच्या दारात ६.५ इंची गोल स्पीकर बसतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ६ बाय ९ इंची लंबगोल असतो. लंबगोल स्पीकरचा पडदा मोठा, तो जास्त हवा ढकलतो, इथपर्यंत खरं. पण बास घडतो तो स्पीकर आणि त्याच्यामागची बंदिस्त जागा यांच्या जोडीतून, आणि गाडीत ही जागा म्हणजे दार.

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींत मिसळल्या तर एकमेकींना खोडून काढतात. ६० हर्ट्झच्या खर्जाची लहर साडेपाच मीटरहून लांब असते, त्यामुळे दारातल्या मोठ्या भोकांतून मागची लहर सहज पुढे येते आणि बास विरतो. बाहेरचा पातळ पत्रा स्वतःही थरथरतो आणि रिकाम्या डब्यासारखा वाजतो. दोष मात्र स्पीकरच्या माथी मारला जातो. पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवणं, आतल्या चौकटीची भोकं बंद करणं आणि स्पीकरखाली घट्ट रिंग बसवणं ही कामं दिसत नाहीत, त्यामुळे त्यांवर खर्च करायला हात आखडतो. माझ्या मते मात्र पहिला पैसा इथेच घालायला हवा. एकच काळजी घ्यावी : दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं बुजवू नयेत, नाहीतर पत्रा गंजेल.

शिवाय ६.५ इंच हे ढोबळ माप आहे. स्क्रूच्या जागा आणि मागच्या चुंबकाची खोली प्रत्येक ब्रँडची वेगळी. काच पूर्ण खाली घेऊन आतली जागा मोजली नाही, तर चुंबक काचेला अडतो.

आता वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा ‘पीक’ असतो, म्हणजे स्पीकर क्षणभर सोसू शकेल अशी ताकद. पाहायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे सतत सोसू शकेल अशी ताकद. हेड युनिटवरच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवरच्या ‘४ × ५०’ वॅटचंही तसंच. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला आदर्श स्थितीतही स्वच्छ आवाजात २५ वॅटच्या आसपासच मिळतील. प्रत्यक्षात त्याहून कमी. अशा युनिटला जास्त वॅटचा स्पीकर जोडल्याने आवाज वाढत नाही. वाढतो तो संवेदनशीलतेने. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या विजेत मिळतो.

‘आठ स्पीकर आहेत’ हे ऐकून भारावून जाऊ नये. टाटा नेक्सॉन २०१७मध्ये आली तेव्हा तिच्या हरमन सिस्टिममध्ये चार स्पीकर आणि चार ट्वीटर मिळून आठ होत होते. मोजणी चुकीची नाही, पण ट्वीटर फक्त वरच्या पट्टीचे सूर वाजवतो. ट्वीटरची संख्या पाहण्यापेक्षा त्याची जागा पाहावी. तार स्वर सरळ रेषेत जातात. दाराच्या तळाशी, गुडघ्याआड बसवलेल्या, ट्वीटर पोटातच असलेल्या कोअॅक्सियल स्पीकरमधले हे स्वर पायातच अडतात. म्हणूनच पुढे वेगळ्या ट्वीटरचा कंपोनंट संच घ्यावा आणि त्याचा ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनात लावावा. तिथून शब्द स्पष्ट होतात आणि गाणारा समोर उभा असल्यासारखा भासतो.

मागच्या दारांवर तेवढाच खर्च करायची गरज नाही. चालक आणि शेजारचा प्रवासी ऐकतात ते पुढचं. उरलेल्या पैशांत सीटखाली मावणारा छोटा सबवूफर घ्यावा. तो खालचा भार उचलतो आणि दारातल्या स्पीकरांना मोकळं करतो. डिकीतला प्रचंड खोका लागतोच असं नाही.

वायरी कापून जोडू देऊ नका. गाडीच्या मॉडेलसाठी मिळणारा कपलर वापरला तर जुने स्पीकर केव्हाही परत बसतात, आणि कापलेल्या वायरी दाखवून वॉरंटी नाकारायला जागा राहत नाही.

काम झालं की दुकानातच एक परीक्षा घ्या. भरपूर बास असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. दोन्ही बाजू एकत्र वाजताना असलेल्या बासपेक्षा एका बाजूचाच बास भरीव लागला, तर एखाद्या स्पीकरच्या अधिक-उणे वायरी उलट जोडल्या आहेत. दाराचं पॅनेल उघडून त्या तिथल्या तिथे सरळ करून घ्या.