मंगलाष्टका चालू असताना आई कुठे असते?

लग्न लागण्याचा क्षण कानांनी पकडावा लागतो. मावश्या-आत्यांची अष्टकं म्हणून झाली, माइक पुन्हा भटजींकडे गेला, की शेवटचं अष्टक ते स्वतः म्हणणार. आवाज चढतो, करवल्या पुढे सरकतात, हार सारखे केले जातात. पहिल्या अष्टकापासून कॅमेरा डोळ्याला लावून बसलेली नवी मुलं नेमकी तेव्हा थकलेली असतात. मी माझ्या मुलांना सांगतो, आधी भटजींना ऐका. अक्षता हवेत दाण्यासारख्या दिसायला हव्या असतील तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवा. साठाव्यावर त्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. मला रेघा आवडतात.

अंतरपाटानं मला उजेडाबद्दल फार शिकवलं. पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. नवरीच्या पाठीमागून येणारा लाइट या कापडावर पडतो आणि तिच्याच चेहऱ्यावर मऊ होऊन परततो. अंतरपाट दूर झाला की तो उजेडही जातो. म्हणून नवरीचा माझा आवडता फोटो अंतरपाट धरलेला असतानाचा असतो. नजर खाली, मुंडावळ्यांची बारीक सावली गालावर, आणि पलीकडच्याची फक्त पावलं दिसताहेत.

पण मला सांगायची आहे ती जागा मंडपात नाही. काही घरांत लग्न लागताना मुलीची आई मंडपात थांबत नाही, ती तुळशीला पाणी घालते. जिनं वर्षभर हे लग्न उभं केलं, तिलाच लग्न लागताना दिसत नाही. मिरजेच्या एका कार्यालयात तुळशीची कुंडी मागच्या अंगणात होती, भटारखान्याला लागून. माझा मदतनीस दुसरा कॅमेरा घेऊन तिथं उभा होता. त्यानं नंतर सांगितलं, भट्टीच्या घरघरीत आईंना काही ऐकू येईना, तेव्हा आचाऱ्यानं जिलेबीची कढई उतरवली आणि भट्टी बंद केली. पंगत तोंडावर असताना! आईंनी तांब्याची धार बारीक केली आणि कर्ण्यावरून येणारं प्रत्येक अष्टक ऐकलं.

लग्न लागल्यावर मी त्यांना गाठलं आणि कॅमेऱ्याचा पडदा समोर धरला. हार घालतानाचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "हे राहू द्या. तिनं मान वर कधी केली ते दाखवा." मी एकेक फोटो मागे नेत गेलो. अंतरपाट निम्मा सरकलेला, पापण्या खाली. पुढच्यात पापण्या अर्ध्या उघडलेल्या. त्याच्या पुढच्यात ती समोर बघते आहे. तिथं त्या थांबल्या. "घाबरली नाही हो," एवढं म्हणून विहिणींचं पान मांडलं का ते बघायला निघून गेल्या.

तेव्हापासून सुपारी घेतानाच मी विचारतो, "मुहूर्ताला मंडपात कोण नसणार?" घरच्यांना प्रश्न विचित्र वाटतो, पण उत्तरं भराभर येतात. अंथरुणाला खिळलेली आजी, रुखवतापाशी राखण बसलेली मावशी, वरातीची गाडी सजवणारा चुलतभाऊ. त्या प्रत्येकासाठी काय टिपायचं, हे मग ठरवता येतं. आजीला नातजावयाचा चेहरा जवळून हवा असतो, सजावट नको असते.

कधी कधी मात्र उत्तर यायला वेळ लागतो. मग कुणीतरी हळूच सांगतं, काकू हळदीला पुढे येणार नाहीत. घाण्याच्या मुसळाला आंब्याची पानं बांधली जातात, सवाष्णी एकेक करून हळद लावतात, आणि काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या. असे हात आखडून घेतलेले चेहरे माझ्या जुन्या फोटोंच्या कडेकडेला खूप आहेत. ही प्रथा मला कधीच पटली नाही. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं एका दिवसात सगळं बदललं नाही, पण हळदीच्या अंगणात आता या विषयावर बोलणं तरी होतं.

अशाच एका अंगणात नवरीनं पाटावर बसल्या बसल्या सांगितलं, पहिली हळद आई लावेल. आई विधवा. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग थोरल्या आत्यांनीच वाटी उचलून भावजयीच्या हातात दिली. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळी हळद, अशा वेळी कॅमेरा आपल्या मनानं रंग निळसर करतो. मी रंग आधीच हातानं ठरवून ठेवला होता, म्हणून त्या बोटांवरची हळद होती तशी आली. अल्बमच्या पहिल्या पानावर आम्ही गणपती आणि पत्रिका लावतो. त्या अल्बमच्या दुसऱ्याच पानावर आईचा हात आणि वाटी पुढे करणाऱ्या आत्या आहेत, अख्ख्या पानभर.