‘हा विचार माझा नव्हताच!’ सैतान, पवित्र आत्मा आणि माणसाचं मन : ख्रिस्ती धर्म नेमकं काय मानतो?

दुपारचे बारा-साडेबारा झालेत. काम समोर पडलंय, पण हात लावावासा वाटत नाही. वेळ जाता जात नाही. खिडकीतून दोनदा डोकावून झालं. कुणी गप्पा मारायला येतंय का, तेही बघून झालं. मग डोक्यात चक्र सुरू होतं. हे कामच चुकीचं निवडलं, ही जागाच बरोबर नाही, इथे कुणाला आपली किंमत नाही, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं.

हे हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसचं वर्णन वाटेल. पण ते आहे सोळाशे वर्षांपूर्वीचं, इजिप्तच्या वाळवंटात एकट्याने राहणाऱ्या एका ख्रिस्ती संन्याशाने लिहून ठेवलेलं. फरक एवढाच की घड्याळाच्या जागी सूर्य आहे. तो माणूस सारखा बाहेर येऊन बघतो, सूर्य किती पुढे सरकला आणि जेवायची वेळ व्हायला किती अवकाश आहे.

लिहिणाऱ्याचं नाव इव्हाग्रियस. त्याचं म्हणणं असं की हे विचार त्या माणसाचे नाहीतच, ते त्याच्या मनात कुणीतरी आणून टाकलेत. कुणी? तर दुरात्म्याने.

ख्रिस्ती धर्म आणि दुरात्मे म्हटलं की बहुतेकांना १९७३ चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ आठवतो. गर्रकन फिरणारी मान, घोगरा आवाज, हातात क्रूस घेतलेला फादर. पण दोन हजार वर्षांत ख्रिस्ती विचारवंतांनी या विषयावर जे लिहिलं, त्यातला मोठा भाग अंगात येण्याबद्दल नाही. तो अगदी रोजच्या गोष्टींबद्दल आहे. राग कुठून येतो, चांगलं काम करताना मध्येच कंटाळा का येतो, नको तोच विचार पुन्हा पुन्हा का डोकं वर काढतो. म्हणजे प्रश्न साधा आहे : मनात आलेला विचार आला कुठून?

बायबल काय सांगतं?

एक नाही, दोन उत्तरं देतं. आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की येशूला पकडून द्यायचं सैतानाने यहूदाच्या मनात घातलं. मत्तय आणि लूक सांगतात की खुद्द येशूला चाळीस दिवसांच्या उपासानंतर रानात सैतानाने मोहात पाडायचा प्रयत्न केला. संत पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की आपली झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही, अदृश्य दुष्ट शक्तींशी आहे.

पण त्याच बायबलात याकोबाचं पत्रही आहे. त्यात सरळ सांगितलंय की माणूस मोहात पडतो तो स्वतःच्या वासनेमुळे.

मग खरं काय? सैतानाने घातलं असेल तर यहूदाला दोष का द्यायचा? आणि दोष यहूदाचाच असेल तर सैतान मध्ये कशाला?

चर्चने पुढे यातून जी वाट काढली, ती तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने नीट मांडली. दुरात्मा माणसाची कल्पनाशक्ती चाळवू शकतो, भावना भडकवू शकतो, पण इच्छाशक्तीला हात लावू शकत नाही. तो सुचवतो, करून घेऊ शकत नाही. होकार द्यायचा की नाही, हे माणसाच्याच हातात. ‘सैतानाने करवलं’ ही सबब म्हणून चर्चच्या शिकवणीत चालत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या शिकवणीनुसार सैतानाला माणसाच्या मनातलं वाचता येत नाही, ते फक्त देवाला कळतं. सैतान बाहेरून बघतो. माणूस काय बोलतो, कशाकडे वळून पाहतो, कशाने अस्वस्थ होतो, यावरून अंदाज बांधतो आणि मग नेमकं तेच पुढे करतो. (इन्स्टाग्रामवर एका रीलवर चार सेकंद जास्त थांबल्यावर पुढे काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

नाण्याची दुसरी बाजूही आहे. अदृश्य प्रभाव फक्त वाईटच असतो असं ख्रिस्ती धर्म मानत नाही. पवित्र आत्माही माणसाच्या आत काम करतो, प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता ही त्याची फळं, असं पौल गलतीकरांना लिहितो. कॅथलिक परंपरेत प्रत्येकाला एक रक्षक देवदूतही असतो आणि त्या देवदूतांचा सण २ ऑक्टोबरला असतो.

या सगळ्यात देवाचा हात कितपत, हा वाद तर आजही ताजा आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत परीक्षेत किंवा मोहात न नेण्याची विनंती आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये यावर आक्षेप घेतला. मोहात ढकलणं हे सैतानाचं काम, बापाचं नाही, मग भाषांतर असं कसं? इटलीच्या चर्चने ती ओळ बदलली आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून तिथल्या मिस्सात नवीन शब्द म्हटले जाऊ लागले. मोहात पडू लागलो तर आम्हाला वाऱ्यावर सोडू नकोस, असा आता तिचा रोख आहे.

आठ विचारांची यादी

आता पुन्हा इव्हाग्रियसकडे. हा माणूस जन्माने संन्यासी नव्हता. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीत तो डीकन होता, हुशार वक्ता म्हणून नाव होतं. तिथे एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या प्रेमात पडला. त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो की एका रात्री त्याला स्वप्न पडलं, आपल्याला अटक झालीय आणि बेड्या पडल्यात. स्वप्नातच त्याने शहर सोडायची शपथ घेतली. जाग आल्यावर सामान बांधलं आणि जेरुसलेम गाठलं. तिथून साधारण ३८३ च्या सुमारास इजिप्तच्या वाळवंटात गेला, तो ३९९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

वाळवंटात ना बायका, ना पैसा, ना दरबार. म्हणजे मोहाची सगळी साधनं काढून घेतलेली. तरी विचार येतच होते, उलट जास्त जोरात. मग त्याने त्यांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, लोभ, दुःख, राग, अकेडिया, दिखाऊपणा आणि गर्व. अकेडिया म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो दुपारचा कंटाळा. सगळ्यात त्रासदायक हाच, असं त्याचं मत. या यादीवरून पुढे सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी जी यादी केली, तिचीच नंतर ‘सात महापापं’ झाली. तीच, ज्यावर १९९५ चा ‘सेव्हन’ हा सिनेमा बेतलाय.

पण यादीत पाप हा शब्द नंतर आला, हे महत्त्वाचं. इव्हाग्रियस त्यांना फक्त ‘विचार’ म्हणतो. हे विचार मनात येणं किंवा न येणं आपल्या हातात नाही, पण त्यांना बसायला पाट द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे, असं त्याच्या लिखाणाचं सार. त्यासाठी त्याने एक पुस्तकही रचलं. प्रत्येक विचाराला तोंडावर काय उत्तर द्यायचं, त्यासाठी बायबलमधली जवळपास पाचशे वचनं त्यात आहेत. येशूने रानात सैतानाला वचनांनीच उत्तरं दिली होती, त्याच धर्तीवर.

ज्याला सतत घाणेरडे किंवा हिंसक विचार येतात आणि जो त्यासाठी स्वतःला खात राहतो, अशा माणसाला ‘विचार आला म्हणजे तू वाईट नाहीस’ हे ऐकणं किती मोठा दिलासा असेल, याची कल्पना करता येते.

तोफेचा गोळा आणि दिवास्वप्नं

हीच गोष्ट अकराशे वर्षांनी स्पेनमधल्या एका सैनिकाने वेगळ्या रीतीने पकडली. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा उजवा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून असताना त्याने शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायला मागितल्या. घरात नव्हत्या. होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी.

मग तो पडल्या पडल्या दिवास्वप्नं बघायचा. कधी एखाद्या उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवायची, कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जायची. दोन्हींत तासन् तास जायचे, दोन्हींत मजा यायची. पण एक दिवस त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं, रितं होतं. दुसरं संपल्यावर मात्र समाधान टिकून राहतं.

झालं, यातून त्याची पुढची सगळी पद्धत उभी राहिली. विचार कुठून आला हे तो येताना कळत नाही, तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, यावरून कळतं. माणसाच्या मनात तीन तऱ्हेचे विचार असतात, असं तो लिहितो. एक स्वतःचे, दुसरे चांगल्या आत्म्याकडून आलेले, तिसरे वाईट आत्म्याकडून. त्यांची पारख करायचे नियम त्याने ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात दिले. पोप तिसरे पॉल यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली.

नियम वाचायला रंजक आहेत. मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. सैतान सेनापतीसारखा असतो, किल्ल्याला फेरी मारून जिथे तट कच्चा तिथेच हल्ला करतो. तो फसव्या प्रियकरासारखाही असतो, ‘हे घरी कुणाला सांगू नकोस’ असं त्याचं पहिलं वाक्य. म्हणून उपाय काय, तर जाणत्या माणसाला सांगून टाका. (तिसरी एक उपमा स्त्रियांच्या स्वभावावरून दिलीय, ती आज वाचवत नाही.)

हे सगळं त्याने स्वतः भोगलेलं होतं. १५२२ मध्ये मान्रेसा या गावात असताना आपली पापं नीट कबूल झाली नाहीत, या शंकेने त्याला पछाडलं. पुन्हा पुन्हा कबुली द्यायचा, पुन्हा शंका यायची. जीव द्यावा असे विचार येऊ लागले. त्याच काळात त्याला हवेत एक सुंदर, सापासारखी, डोळ्यांसारख्या ठिपक्यांनी चमकणारी आकृती दिसायची. ती दिसली की बरं वाटायचं. काही काळाने त्याने ठरवलं की हा सैतानच आहे. बरं वाटतंय म्हणजे देवाकडूनच आलं असेल, हा हिशोब त्याने तिथेच सोडला.

याच इग्नेशियसकडून १५३४ मध्ये पॅरिसमध्ये ही साधना केलेला त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. पुढे त्याच जेझुइट संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं. आदाम-एवेला भुलवणारा साप मराठी ओवीत आला तो असा.

सगळे ख्रिस्ती हेच मानतात?

नाही. मार्टिन ल्युथर सैतानाला अगदी खरा मानायचा, पण त्याचे उपाय वेगळे होते. उदास विचारांनी ग्रासलेल्या एका तरुणाला त्याने १५३० मध्ये पत्र लिहून सल्ला दिला की एकटा बसू नकोस, लोकांत मिसळ, थट्टामस्करी कर, थोडी पी सुद्धा! विसाव्या शतकातले काही प्रोटेस्टंट अभ्यासक तर दुरात्मे ही त्या काळची भाषा होती, असंच मानतात. उलट पेंटेकोस्टल पंथांत हे सगळं शब्दशः घेतलं जातं, आणि तिथे भर पवित्र आत्म्यावर जास्त असतो. त्यांच्या इतिहासात पुण्याजवळच्या केडगावचा उल्लेख येतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मुली तासन् तास रडत, प्रार्थना करत होत्या आणि तो पवित्र आत्म्याचा संचार मानला गेला.

जिथे रेघ पुसली गेली

विचार, मोह, उदासी इथवर ठीक. पण आजार आणि दुरात्मा यांतला फरक कुणी ओळखायचा? इथे चूक झाली तर काय होतं, याचं उदाहरण जर्मनीत आहे.

बव्हेरियातल्या एका २३ वर्षांच्या विद्यार्थिनीला अपस्माराचे झटके यायचे. तिच्यावर उपचारही सुरू होते. पुढे तिला राक्षसी चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. ती आणि तिचं भाविक कुटुंब या निष्कर्षाला आलं की हा दुरात्मा आहे. बिशपच्या परवानगीने १९७५ च्या सप्टेंबरपासून दोन धर्मगुरूंनी एक्झॉर्सिझम, म्हणजे दुरात्मा काढण्याचा विधी सुरू केला. १६१४ पासून चालत आलेल्या पोथीप्रमाणे दहा महिन्यांत ६७ वेळा तो झाला. डॉक्टरी उपचार मागे पडले, तिने जेवण सोडलं. १ जुलै १९७६ ला ती गेली, तेव्हा तिचं वजन साधारण तीस किलो होतं. कारण होतं उपासमार.

१९७८ मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरवलं. शिक्षा सहा महिने, तीही स्थगित.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. १६१४ च्या त्या पोथीतही सुरुवातीलाच सांगितलं होतं की कुणाला सहजासहजी झपाटलेलं मानू नका, आजाराची लक्षणं वेगळी ओळखा. १९९९ मध्ये व्हॅटिकनने पोथी नव्याने काढली. त्यात आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात हे आणखी स्पष्ट आहे. मानसिक आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय, आणि विधीआधी हा आजार नाही याची खात्री करून घ्यायची. बिशपच्या खास परवानगीशिवाय कुणाही धर्मगुरूला हा विधी करता येत नाही.

महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा गुन्हा आहे. करणाऱ्याच्या हातात लिंबू आहे, मोरपीस आहे की क्रूस, याने त्या कलमात फरक पडत नाही.