नैराश्याची गोळी सुरू झाली आणि एका जागी बसवेना?

नैराश्याची गोळी सुरू होऊन चार-पाच दिवस होतात आणि माणसाला एका जागी बसवेनासे होते. पाय सतत हलतात, रात्री घरात येरझाऱ्या सुरू होतात. घरचे म्हणतात, आजार वाढला. रुग्णालाही तसेच वाटते. पण हा गोळीचा दुष्परिणामही असू शकतो. त्याला अकॅथिसिया म्हणतात. ग्रीक मुळाचा अर्थच ‘बसता न येणे’. झेक डॉक्टर लादिस्लाव हास्कोवेक यांनी १९०१ साली हे नाव दिले, तेव्हा या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधे सेरोटोनिनवर काम करतात. त्यामुळे मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामाइनचे काम मंदावते आणि गडबड होते, असे मानले जाते. बहुतेकांना अकॅथिसिया होत नाही. काहींचे हात थरथरतात, काही झोपेत दात खातात. मान किंवा जबडा एकाएकी आखडणे क्वचित घडते, पण घडले तर लगेच दवाखाना गाठावा.

अकॅथिसिया मात्र हलक्यात घेऊ नका. ही बेचैनी कधी इतकी असह्य होते की जीव नकोसा वाटतो. या गोळ्यांच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा अमेरिकेच्या एफडीएचा इशारा २००७ पासून २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू आहे. असे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

दवाखान्यात रुग्णासोबत बहुतेक वेळा आपलाच एखादा कार्यकर्ता असतो. त्याने हे लक्षात ठेवावे : नुसते “घाबरल्यासारखे होते” सांगितले तर डॉक्टर आजार वाढला समजून डोस वाढवू शकतात आणि त्रास आणखी वाढतो. “गोळी सुरू झाल्यापासून बसवत नाही, पाय थांबत नाहीत,” असे तारखेसह सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनेही असाच त्रास होतो.

उपाय आहेत. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रानोलॉल देतात (दमा असेल तर आधी सांगा). पण मनाने गोळी बंद करू नका. एकदम थांबवली तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते आणि नैराश्य परतू शकते.

थरथरीसोबत ताप, घाम, अंग ताठरणे, भ्रम असेल तर थेट रुग्णालयात जा. एरवी डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते.